आईच्या वरची जागा

चर्चच्या मागच्या कबरस्तानाची देखरेख ज्याच्याकडे होती, त्याला सगळे पाताळ म्हणत. बाप्तिस्म्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते फादरांना आणि त्याच्या बायकोलाच ठाऊक, आणि बायकोही ते फक्त भांडणात वापरायची. पाताळ हे नाव पडलं ते त्याच्या खणण्यामुळे. बाकीचे खणणारे छातीएवढं खणतात आणि हात झटकतात. हा खाली उतरला की आधी खांदे दिसेनासे व्हायचे, मग टोपी, आणि मग नुसती माती वर उडताना दिसायची. "अरे बाबा, माणूस पुरायचाय, विहीर नाही काढायची," काठावरचे लोक ओरडत. खालून उत्तर यायचं, "एकदा झोपवला की परत कुणी उठवायला नको."

हेच वाक्य पुढे त्याच्या अंगाशी आलं.

काम बापाकडून आलेलं. कामाबरोबर फाटकाला लागून असलेली खोलीही आलेली. एका भिंतीला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या भिंतीला टेकवलेल्या पहारी, कुदळी, फावडी आणि पेटी खाली सोडायचे दोर. खिडकी एकच, तीही कबरींकडे उघडणारी. बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी तिने खिडकी उघडली, बघितलं, बंद केली आणि म्हणाली, "शेजार शांत आहे, एवढं खरं." पुढे तिने त्याच खिडकीत तुळशीसारखी वाटणारी कसलीशी झाडं लावली आणि दोन मुली वाढवून सासरी पाठवल्या. मुली माहेरी आल्या की अजूनही कबरींमध्ये दोर बांधून कपडे वाळत घालत, आणि कमिटीची माणसं नाकं मुरडत.

बापाच्या काळात कमिटी वगैरे नव्हती. सगळा कारभार एका म्हाताऱ्या फादरांच्या डोक्यात होता. कुणी मेलं की फादर छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघ मारत आणि बाप त्या रेघेवर कुदळ घाली. रेघ कुठे पडायची हे मात्र मेलेल्याच्या जिवंतपणी ठरलेलं असे. चर्चला बाकं, घंटा, खिडकीच्या रंगीत काचा दिलेली माणसं पुढच्या ओळीत. दर रविवारी येणारी, पण काही न देणारी मधल्या ओळींत. उरलेली भिंतीकडे, नळापाशी, जिथे लोक कबरीवर माती टाकून झाली की हात धूत आणि चिखल करून जात. मेल्यावर सगळे सारखे, असं फादर वेदीवरून कळकळीने सांगत. फाटकातून आत पाऊल टाकलं की कोण किती सारखा आहे ते लगेच दिसे.

पुढे जागा संपत आली. तेव्हा दुमजली कबरींची पद्धत सुरू झाली. नवरा गेला की कबर दुप्पट खोल खणायची, पेटी तळाशी ठेवून अर्धी माती भरायची आणि वरचा अर्धा मजला बायकोसाठी राखून ठेवायचा. बायको आधी गेली तर उलट. एका घरच्या माणसांना याची मुभा होती. यावरून गावभर चेष्टा चाले. "जन्मभर डोक्यावर बसली होती, आता कायमचीच बसली," असं एका सुताराने स्वतःच्या आईवडिलांबद्दल म्हटलेलं सगळ्यांना पाठ होतं. या पद्धतीसाठी खोल खणणारा माणूस लागे. म्हणून बाप गेल्यावर फादरांनी काही विचारपूस न करता फावडं धाकट्याच्या हातात दिलं. थोरला तिथे नव्हताच.

थोरल्याचं सांगायलाच हवं. मिसरूड फुटायच्या आधीच तो घरातून निघाला होता. "मी मेलेल्यांची चाकरी करणार नाही," असं बापाच्या तोंडावर बोलून तो दूरच्या शहरात फरशीच्या दुकानात लागला. फरशा उचलता उचलता फरशा विकायला लागला आणि विकता विकता दुकानाचा मालक झाला. पहिल्या पगारातून त्याने आईला एक छत्री पाठवली. काळी, लाकडी मुठीची, उघडली की खोलीभर होणारी. त्यानंतर काय पाठवलं, असं कुणी आईला विचारलं की ती म्हणे, "छत्री पाठवली ना."

आई चर्चमधली वेदीची कापडं धुवायची, पितळी दांड्या घासायची. बाप गेल्यावर ती धाकट्याकडे, म्हणजे त्याच खोलीत राहिली. संध्याकाळी काम संपलं की फाटकाबाहेरच्या दगडी बाकावर बसायची, छत्री मांडीवर आडवी धरून, ऊन असो की पाऊस. तोंड रस्त्याकडे. "थोरला येईल मला न्यायला," असं ती पोळ्या लाटताना म्हणे, कपडे पिळताना म्हणे, धाकट्याच्या ताटात वाढता वाढताही म्हणे. धाकटा मान खाली घालून जेवे. पिकतं तिथे विकत नाही, हे त्याला कळत होतं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

फाटकासमोर झाडाखाली एक छत्रीवाला बसायचा. छत्र्या दुरुस्त करणारा. कुठला, कोणाचा, कुणालाच माहीत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालायचा आणि शिव्या खाऊनही लोक त्याच्याकडेच छत्र्या आणायचे, कारण त्याचा टाका उसवत नसे. आईची छत्री तो फुकट नीट करून द्यायचा. वर तोंडसुख घ्यायचा ते वेगळं.

"म्हातारे, तुझ्या थोरल्याची छत्री मेली. पुरून टाक आता. पोरगा घरचाच आहे."

"तू मरशील, पण ही मरायची नाही," आई म्हणायची आणि आपल्या कपातला अर्धा चहा त्याच्या पेल्यात ओतायची.

शेवटची दोन-तीन वर्षं आई अंथरुणाला खिळली. धाकटा तिला उचलून कुशीवर करी, पुसून काढी, भरवी. बायको म्हणायची, "तुम्ही राहू द्या, मी करते," पण तो ऐकत नसे. मेलेल्यांना उचलून उचलून त्याच्या हाताला एक अलगदपणा आला होता, तो त्याने जिवंत माणसासाठी काय तो तेव्हाच वापरला. आणि आई त्याच्या तोंडाकडे बघून विचारी, "थोरल्या, आलास का रे?"

आधी तो सांगे, "मी धाकटा, आई." मग तिचा चेहरा उतरायचा. काही दिवसांनी त्याने सांगायचं सोडलं. "आलो, आई," तो म्हणे. म्हातारी हसायची. त्या हसण्यासाठी त्याने जन्मभर वाट बघितली होती आणि ते आलं तेव्हा दुसऱ्याच्या नावावर आलं. याचा राग कुणावर काढायचा? त्याने तो जमिनीवर काढला.

आई गेली तेव्हा त्याने भिंतीकडची, नळापाशीची जागा घेतली, कारण खणणाऱ्याच्या घरच्यांना तीच मिळे, आणि बापाची कबर जुन्या पद्धतीची, एकमजली होती, तिच्यात जागा नव्हती. आणि तो असा खणत गेला की शेवटी शिडी लावून वर यावं लागलं. पेटी तळाशी ठेवली, अर्धी माती भरली, तुडवली, मग उरलेली भरली. खोलीत येऊन हात धुताना बायकोला म्हणाला, "वरची जागा माझी."

"आणि मी?" बायकोने विचारलं.

याचा त्याने विचारच केला नव्हता.

"असू द्या," ती म्हणाली, "मी माझ्या माहेरच्यांत जाते. जन्मभर सासूच्या हाताखाली होते, मेल्यावर वर बसायची माझी छाती नाही."

ती हसत म्हणाली, पण त्याच्या मनात ते पक्कं झालं. जिवंतपणी आई थोरल्याची. मेल्यावर तरी ती आपली. तिच्यावर दुसरं कुणी नाही, आपणच. एवढं एकच त्याने जगाकडे मागितलं, आणि तेही तोंडाने मागितलं नाही, खणून घेतलं.

थोरला दफनाला आला नाही. त्याचं फुलांचं मोठं चक्र आलं, पेटीपेक्षा मोठं, दुसऱ्या दिवशी.

मग एका सकाळी छत्रीवाला झाडाला टेकलेला सापडला, तोंड उघडं, सुई हातात. एव्हाना म्हातारे फादर जाऊन नवे आले होते आणि कमिटी आली होती. कमिटी जमली. हा चर्चचा नाही, असं ठरलं. मग कुणाचा? ते आपलं काम नाही, असंही ठरलं. नगरपालिकेची गाडी बोलावली म्हणून सगळे घरी गेले. गाडी येईना. ऊन चढलं. पाताळ फाटकाशी उभा राहून बघत राहिला आणि त्याला त्या पेल्यातला अर्धा चहा आठवायला लागला.

दुपारी, गल्ली जेवून आडवी झाली असताना, त्याने आईची कबर अर्धी उघडली. फक्त वरचा मजला. छत्रीवाल्याच्या पेटाऱ्यात जुन्या छत्र्यांची काळी कापडं होती, ती बायकोने धावदोऱ्याने जोडली आणि त्यात त्याला गुंडाळलं. दोराचं दुसरं टोक तिनेच धरलं. प्रार्थना येत होती तेवढी तिने म्हटली. संध्याकाळी कमिटीतला एकजण डोकावून गेला, "गाडी नेऊन गेली वाटतं," म्हणाला आणि सुटलो म्हणून पळाला.

"तुमच्या जागेत भाडेकरू ठेवलात," बायको म्हणाली.

"माझी वेळ येईपर्यंत त्याची माती होईल," पाताळ म्हणाला. "मातीची काय अडचण?"

यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. कबरस्तानात काही न होणं हेच चांगलं.

मग थोरला परत आला. दुकानं मुलांच्या हाती देऊन, बायकोला दूरच्या शहरातच पुरून, एकटा. चर्चजवळ घर घेतलं. आल्या आल्या त्याने चर्चला नवी फरशी घालून दिली, पांढरीशुभ्र, इतकी गुळगुळीत की पहिल्याच रविवारी दोन म्हाताऱ्या घसरल्या. कमिटीने त्याला अध्यक्ष केलं. ज्याने मेलेल्यांची चाकरी नको म्हणून घर सोडलं, तो मेलेल्यांचा मालक होऊन आला. धाकटा त्याच्या हाताखाली. आयुष्य कधीकधी अशी थट्टा करतं की हसणाऱ्याचेच दात पडावेत.

आईची कबर बघायला तो कमिटीच्या माणसांसकट आला. नळ गळत होता. लाकडी क्रूस एका बाजूला कलला होता.

"इथे?" थोरला म्हणाला. "आईला इथे ठेवलंस? नळापाशी?"

"तू कुठे होतास, दादा?"

"मी विचारतोय काय, तू बोलतोस काय!"

"मीही तेच विचारतोय."

कमिटीची माणसं आपापल्या बुटांकडे बघू लागली. थोरल्याचा आवाज खाली आला. तो म्हणाला, पुढच्या ओळीत, चर्चच्या दाराशी, संगमरवराची कबर बांधायची. आईला तिथे न्यायचं. फादरांनी परवानगी दिली आहे. मग धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तूच काढ तिला. परक्याचा हात लागायला नको."

मान दिल्यासारखं वाटावं आणि थोबाडीतही बसावी, असं बोलणं थोरल्याला पहिल्यापासून जमायचं.

खोलीत आल्यावर बायकोने आधी दारामागच्या खिळ्यावरची आईची छत्री काढून पलंगाखाली ढकलली. थोरला चहाला येणार होता, आणि छत्री दिसली की तीही मागणार. मग ती म्हणाली, "सांगून टाका, वर छत्रीवाला आहे म्हणून."

"खोली जाईल."

"खोली जाईना का! मुलींकडे जाऊ. हे खोलीचं नाही, मला माहीत आहे."

नव्हतंच. तो ओट्यापाशी बसून राहिला. छत्रीवाल्याचं सांगितलं तर काय होईल? चार शिव्या बसतील, आणि मग थोरला म्हणेल, त्याला काढ बाजूला आणि खालून आईला दे. आई जाईल. आणि खरं सांगायचं तर तिला नुसतं विचारलं असतं ना, तर ती आपल्या पायांनी चालत गेली असती, छत्री उघडून. जन्मभर ती हीच वाट बघत होती. थोरला न्यायला आला होता. हे पाताळला कुणीही सांगायची गरज नव्हती. हे त्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याने उठून खिडकी लावून घेतली.

"देणार नाही," तो म्हणाला.

"कुणाला? त्यांना की सासूबाईंना?"

बायकोला कधीकधी असं काही सुचायचं की त्याला वाटे, हिने बोललंच नसतं तर बरं.

ठरलेल्या सकाळी सगळे जमले. फादर, कमिटी, थोरला काळ्या सुटात, हातात रुमाल, आणि एक छोटी नवी पेटी, हाडं ठेवायची, आत साटिनचं अस्तर. पाताळ खणायला लागला. पोटापर्यंत गेला, छातीपर्यंत गेला आणि थांबला. कापडाची काळी चिंधी दिसली. मग हाड.

"लागलं," तो म्हणाला.

मग कमिटीतला एक जाडा माणूस, ज्याच्या आजोबांना पाताळनेच पुरलं होतं, दुसऱ्याच्या कानात म्हणाला, पण असं की सगळ्यांना ऐकू जावं, "लोकांसाठी पाताळ, आणि स्वतःच्या आईसाठी एवढंच?"

थोरल्याने खाली बघितलं. त्या नजरेत तिरस्कार होता. पाताळला वाटलं, ओरडून सांगावं, अजून एवढंच खाली चला, मग बघा मी आईसाठी किती खणलंय. जन्मभरात जे एक काम त्याने सगळ्यात चांगलं केलं होतं ते त्याच्या पायांखाली होतं आणि ते दाखवायची सोय नव्हती. त्याने ओठ चावला आणि मान खाली घातली. लोकांनी ती लाज समजली.

"पेटी कुठे आहे?" थोरल्याने विचारलं.

"इथल्या मातीत लाकूड टिकत नाही, दादा."

तो हाडं उचलून वर देत होता. छत्रीवाल्याला उचलतानाही हात अलगदच होता, सवयीने. आणि मातीबरोबर एक गंजलेली काडी वर आली. छत्रीची. छत्रीवाल्याच्या खिशात राहिलेली असणार. बायकोने कापड शिवलं, खिसे कुणी बघितले होते? पाताळने ती पटकन बाजूला टाकली, पण थोरल्याने पाहिली.

"ते काय?"

पाताळने तिच्यावर पायाने माती लोटली.

"दे इकडे." थोरल्याने वाकून काडी घेतली, रुमालाने पुसली, आणि त्याचा चेहरा विरघळला. "छत्रीची काडी आहे ही! माझी छत्री! तिच्याबरोबर ठेवलीत तुम्ही?"

बायको नळापाशी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"शेवटपर्यंत जपली होती तिने," पाताळ म्हणाला. हे खरं होतं. त्या सकाळी तो एवढंच खरं बोलला.

थोरला मातीत गुडघ्यांवर बसला, काळ्या सुटासकट, आणि ती काडी छातीशी धरून हमसून हमसून रडला. नाटक नव्हतं ते. पाताळने शेकडो माणसं रडताना पाहिली होती, कुठलं रडणं शेजाऱ्यांसाठी आणि कुठलं आपलं, ते त्याला पाठीवरून कळायचं. हे आपलं होतं. आणि तरी, देव माफ करो, खड्ड्यात उभ्या उभ्या त्याला जिंकल्याचा आनंद झाला. भाडेकरू गेला. आई राहिली. वरची जागा मोकळी झाली. त्याने माती परत लोटली तीही इतक्या हलक्या हाताने की जाडा माणूस म्हणाला, "रिकाम्या खड्ड्याला काय कुरवाळतोस?"

संगमरवराची कबर उभी राहिली. दगड फादरांच्या आशीर्वादानंतर उघडायचा होता, म्हणून कापड टाकलेलं. छोटी पेटी आत ठेवली. ज्याला कमिटीने फाटकातून आत घेतलं नव्हतं, तो पुढच्या ओळीत, दाराशी, साटिनच्या अस्तरात झोपला. पाताळला हसू येत होतं. मग थोरला पुढे झाला आणि दगडावर हात ठेवून हळू बोलला, फक्त मागे उभ्या भावाला ऐकू गेलं.

"आलो, आई. उशीर झाला. पण तुला न्यायला आलो बघ."

तेच शब्द. आलो, आई. धाकट्याने कितीदा खोटे म्हटलेले. त्याचं हसू तिथेच मेलं.

थोरल्याने कापड ओढलं. दगडावर वरती आईचं नाव होतं, सोनेरी अक्षरांत. त्याखाली थोरल्याचं. आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तेवढ्याच सोनेरी, धाकट्याचं, ते लांबलचक बाप्तिस्म्याचं नाव, जे फादरांच्या वहीत आणि बायकोच्या भांडणांत तेवढं उरलं होतं. तारखेची जागा तेवढी कोरी.

"तू तिचं केलंस," थोरला म्हणाला. त्याचे डोळे अजून ओले होते. "मी काहीच केलं नाही. निदान तिच्याजवळची जागा तरी तुला द्यावी म्हटलं. तिघं एकत्र राहू."

टाळ्या वाजल्या. जाड्या माणसानेही वाजवल्या. पाताळने नळाकडे बघितलं. मग तो म्हणाला, "दादा, मला ती जुनी जागा दे. रिकामी झालीय ना, ती."

"कुठली? नळापाशी?" थोरला हसला. "वेडा आहेस का? आईला सोडून तिकडे एकटा काय करणार?"

याला काय उत्तर होतं? एकच होतं, आणि ते दिलं तर आई हातची जाणार. नाही दिलं तर आपण तिच्यापासून जाणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने दगडावरच्या स्वतःच्या नावाकडे बघितलं. नाव इतकं सुबक कोरलं होतं की पुसायला पहार लागली असती.

"बरं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी बायकोने पलंगाखालून छत्री काढली, झटकली आणि परत खिळ्याला अडकवली. "छत्रीवाला, भावजी आणि तुम्ही," ती म्हणाली. "एक बरं झालं, पावसाची चिंता नाही." आणि हसायला म्हणून तोंड उघडलं ते तिला बंदच करता येईना, रडायला लागली. तिला रडताना बघून पाताळला पहिल्यांदा कळलं की सगळ्यांत हिचाच विचार कुणी केलेला नाही, दगडावरही नाही.

रिकामी जागा कमिटी रिकामी ठेवत नाही. पाववाल्याची सासू गेली, तेव्हा अध्यक्षांनी, म्हणजे थोरल्यानेच, नळापाशीची जागा तिला दिली. पाववाल्याचं दुकान फाटकासमोरच, सासूबाईंना लांब वाटू नये म्हणून. रेघ मारायची आता गरज नव्हती. खड्डा सगळ्यांना माहीत होता.

पाताळ सकाळी खणायला उतरला. माती ओळखीची होती, भुसभुशीत. पोटापर्यंत गेला. छातीपर्यंत गेला. इथे छत्रीवाला होता. याच्या खाली फावडं घालायचं नाही. त्याने फावडं बाजूला ठेवलं, गुडघे टेकले आणि मातीवर तळहात ठेवला, जसा तो आईला कुशीवर करायच्या आधी तिच्या पाठीवर ठेवायचा. हिच्यावर आता पाववाल्याची सासू येणार. मग तिची लेक, मग आणखी कुणी. आणि आपण तिकडे दाराशी, सोनेरी अक्षरांखाली, थोरल्याच्या शेजारी, जिथे ती नाही.

"आई," तो म्हणाला, "थोरला आला होता. तुला न्यायला."

वरून पाववाल्याने डोकावून बघितलं. त्याच्या हातावर पीठ होतं.

"पाताळ, कुणाशी बोलतोस रे?"

"कुणाशी नाही."

"झालं एवढंच? माझ्या सासूला एवढंच? तुझं वय झालं बघ."

पाताळने गुडघे झटकले, फावडं वर दिलं आणि वर यायला हात पुढे केला.

"खाली दगड लागलाय," तो म्हणाला.